खाण आणि माती : आनुवंशिकतेचा हिशेब

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की तिच्यात काही तपासून पाहण्यासारखे आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बारशाला जमलेली मंडळी पाळण्याभोवती उभी राहून नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे, हसणे आजोळचे अशी वाटणी करून मोकळी होतात. परंतु हिशेब जेथे जुळत नाही, तेथे हेच कौतुक संशयाचे रूप घेते. निरोगी आईबापांच्या पोटी रोगी मूल जन्मास आले, ‘ए’ रक्तगटाच्या पित्याला आणि ‘बी’ रक्तगटाच्या मातेला ‘ओ’ गटाचे अपत्य झाले, किंवा लागोपाठ चार मुलीच झाल्या, की दोष कोणाचा याचा शोध सुरू होतो. आणि तो शोध बहुधा सुनेपाशी येऊन थांबतो.

या दोषारोपांपैकी बहुतेक सर्व आनुवंशिकतेच्या नियमांच्या अज्ञानातून उत्पन्न होतात. ते नियम कठीण नाहीत. ज्याला अपूर्णांकांचा गुणाकार येतो, त्याला ते समजतात. म्हणून आजच्या भाषणात, आईबापांचे गुण अपत्यात कोणत्या वाटेने उतरतात, त्यांविषयी आधी काय सांगता येते आणि कोठे सांगणे थांबवावे लागते, एवढ्याच गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक जुना समज दूर केला पाहिजे. आपण ‘रक्ताचे नाते’ असे म्हणतो, तेव्हा आईचे आणि बापाचे रक्त दुधात पाणी मिसळावे तसे अपत्यात मिसळते, अशी एक कल्पना आपल्या मनात असते. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांचीही समजूत बरीचशी अशीच होती. परंतु ही कल्पना खरी मानली, तर एक अडचण उभी राहते. दुधात मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे निघत नाही. मग आजोबांचा एखादा गुण मुलांपैकी एकातही न दिसता नातवात जसाच्या तसा पुन्हा कसा प्रकट होतो? या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधून काढले, तो ग्रेगोर मेंडेल हा एका मठातील संन्यस्त वृत्तीचा धर्मोपदेशक होता.

मेंडेलचा जन्म १८२२ मध्ये, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. ब्रुन, म्हणजे आजचे ब्र्नो, या शहरातील सेंट थॉमसच्या मठाच्या बागेत त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग केले. वाटाण्याची निवड त्याने विचारपूर्वक केली होती. वाटाण्याच्या फुलाच्या पाकळ्या पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांना अशा झाकून ठेवतात, की परके पराग सहसा आत शिरत नाहीत. फूल आपल्याच परागाने फळते. त्यामुळे एका वाणाचे बी पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहते. दोन वाणांचा संकर करावयाचा झाल्यास, फूल उमलण्यापूर्वीच त्यातील पुंकेसर चिमट्याने काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर शिंपडावयाचे. हे काम मेंडेलने स्वतःच्या हाताने केले.

त्याने सात गुण निवडले आणि त्या प्रत्येकाची दोन स्पष्ट रूपे घेतली. बी गोल अथवा सुरकुतलेले, बियांचा रंग पिवळा अथवा हिरवा, झाड उंच अथवा बुटके, अशा या जोड्या होत. गोल बियांच्या शुद्ध वाणाचा सुरकुतलेल्या बियांच्या शुद्ध वाणाशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील झाडून सारे बी गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. येथे दुसरा कोणी असता तर गोलपणाचा जय झाला असे म्हणून थांबला असता. मेंडेलने तेच गोल बी पेरले आणि त्या झाडांना आपल्याच परागाने फळू दिले. दुसऱ्या पिढीत त्याने ७,३२४ बिया मोजल्या. त्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या होत्या. एक पिढी अदृश्य झालेली सुरकुती जशीच्या तशी परत आली होती, आणि तीही जवळजवळ चारांत एक या प्रमाणात. बियांच्या रंगाचा हिशेबही असाच निघाला : ६,०२२ पिवळ्या आणि २,००१ हिरव्या. साती गुणांत हेच तिनास एक प्रमाण पुनःपुन्हा येत राहिले.

या आकड्यांवरून मेंडेलने जे अनुमान काढले ते असे. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ एक नव्हे, तर दोन घटक असतात; एक मातेकडून आलेला आणि दुसरा पित्याकडून. आज आपण त्यांना जनुके म्हणतो. झाड स्वतः बी धरते वा पराग देते, तेव्हा या दोहोंपैकी कोणता तरी एकच घटक पुढे जातो, आणि कोणता जावयाचा हे नाणे उडविल्यासारखे यदृच्छेने ठरते. पहिल्या पिढीतील गोल बीजवळ एक गोलपणाचा आणि एक सुरकुतीचा असे दोन घटक होते. परंतु गोलपणाचा घटक प्रभावी असल्यामुळे दुसऱ्याचे अस्तित्व बाहेरून दिसत नव्हते. दोन नाणी एकदम उडविली, तर दोन्ही छाप पडण्याचा संभव चारांत एक, दोन्ही काटे पडण्याचा चारांत एक आणि एक छाप व एक काटा पडण्याचा चारांत दोन. छाप म्हणजे गोलपणा आणि काटा म्हणजे सुरकुती असे मानले, तर एक तरी छाप असलेल्या साऱ्या जोड्या गोल दिसणार, आणि दोन्ही काटे असलेली एकच जोडी सुरकुतलेली दिसणार. तिनास एक हे प्रमाण येथून आले.

हे अनुमान खरे असेल, तर दिसावयास सारख्या असलेल्या गोल बियांतही दोन जाती असल्या पाहिजेत. एक तृतीयांश शुद्ध आणि दोन तृतीयांश पोटात सुरकुती दडविलेल्या. मेंडेलने दुसऱ्या पिढीच्या गोल बियांपासून ५६५ झाडे वाढविली. त्यांपैकी १९३ झाडांना केवळ गोल बी आले, आणि ३७२ झाडांना गोल व सुरकुतलेले असे दोन्ही प्रकारचे आले. आधी वर्तविलेले प्रमाण शेतात उतरले. आनुवंशिकता हे शास्त्र झाले ते या ठिकाणी. कारण जे घडून गेले त्याचे स्पष्टीकरण तर ते देतेच, परंतु पुढे काय घडेल याचाही अंदाज ते सांगू लागले.

मेंडेलने १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत आपला निबंध ब्रुन येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचला. पुढल्या वर्षी तो छापलाही गेला. त्याचे मर्म फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. १८८४ मध्ये मेंडेल वारला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या तिघांच्या लेखनांतून तोच सिद्धान्त पुन्हा पुढे आला, आणि मग मेंडेलचे नाव जगभर झाले.

येथे ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ या शब्दांविषयी थोडा खुलासा अवश्य आहे. प्रभावी म्हणजे श्रेष्ठ नव्हे, आणि प्रभावी म्हणजे बहुसंख्यही नव्हे. सुरकुतलेल्या वाटाण्याचे गुपित १९९० मध्ये इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेतील संशोधकांनी उलगडले. वाटाण्यात साखरेपासून पिष्ट बनविण्याच्या कामी लागणारे एक विकर असते. सुरकुतलेल्या वाणात ते विकर घडविणाऱ्या जनुकात एक परका तुकडा घुसून बसलेला आहे, त्यामुळे ते निकामी झाले आहे. पिष्ट कमी बनते, साखर अधिक राहते, साखरेमुळे बी पाणी अधिक शोषून फुगते, आणि वाळले म्हणजे त्याच्या सालीला सुरकुत्या पडतात. दोन प्रतींपैकी एक जरी धड असली, तरी बीचे काम भागते आणि ते गोल राहते. घरात दोन दिवे असावेत, एक विझला तरी खोलीत उजेड राहावा, आणि दोन्ही विझले म्हणजे मात्र अंधार व्हावा, तसाच हा प्रकार आहे. अप्रभावी गुणाचे रहस्य पुष्कळदा इतकेच असते.

आता वाटाण्याकडून माणसाकडे वळू. आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या, असतात. हा आकडा निश्चित झाला तो १९५६ मध्ये. जनुके या गुणसूत्रांवर ओळीने असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईचे आणि एक बापाचे. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ जी जनुके आहेत त्यांपैकी काही विझलेल्या दिव्यासारखी असतात. परंतु जोडीदार शाबूत असल्यामुळे त्यांची वार्ता आपणांस आयुष्यभर लागत नाही.

रक्तगटाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन्ही जनुके प्रभावी आहेत, ‘ओ’ अप्रभावी आहे. ‘ए’ गटाच्या पित्याजवळ एक ‘ए’ आणि एक ‘ओ’ असेल, ‘बी’ गटाच्या मातेजवळ एक ‘बी’ आणि एक ‘ओ’ असेल, तर त्यांच्या अपत्यास चारांपैकी कोणताही गट येऊ शकतो, आणि प्रत्येकाचा संभव चारांत एक असतो. तेव्हा अशा घरी ‘ओ’ गटाचे मूल जन्मले, तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काहीही नाही. उलट आईबाप दोघेही ‘ओ’ गटाचे असले, तर अपत्य ‘ओ’च व्हावयास पाहिजे, असे पाठ्यपुस्तके सांगतात.

या नियमाला जो प्रसिद्ध अपवाद आहे, त्याला आपल्या मुंबईचे नाव आहे. १९५२ मध्ये मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘ए’ आणि ‘बी’ ही द्रव्ये रक्तपेशीवर अधांतरी उभी राहत नाहीत. त्यांच्या खाली ‘एच’ नावाच्या द्रव्याचा पाया असावा लागतो. हा पाया घालणारे जनुक निराळे आहे. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर पायाच नसल्यामुळे वरचा मजला चढत नाही. अशा माणसाजवळ ‘ए’ किंवा ‘बी’ जनुक असूनही, नेहमीच्या तपासणीत त्याचा गट ‘ओ’ म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो.

याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. पहिला परिणाम जिवावरचा आहे. अशा माणसाच्या रक्तात ‘एच’ द्रव्याचा प्रतिकार करणारे घटक असतात आणि ‘ओ’ रक्तात ‘एच’ विपुल असते. म्हणून सर्वांना चालणारे ‘ओ’ रक्त यालाच चालत नाही. त्याला आपल्यासारख्याचेच रक्त लागते, आणि असे लोक आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक इतके विरळ आहेत. दुसरा परिणाम अब्रूचा आहे. समजा, एखाद्या स्त्रीचा गट कागदोपत्री ‘ओ’ आहे. वस्तुतः तिच्याजवळ ‘बी’ जनुक आहे, पण पाया नाही. तिच्या पतीचा गट ‘ए’ आहे. मुलाला आईकडून ‘बी’ आणि पित्याकडून ‘ए’ व धड ‘एच’ मिळाले, तर मूल ‘एबी’ गटाचे होईल. पाठ्यपुस्तकातील कोष्टक म्हणते, असे होणे नाही. आणि तरीही ते मूल त्या दोघांचेच असते. केवळ रक्तगटाचे कोष्टक हाती घेऊन कोणाच्या शीलाचा निवाडा करू नये, तो यासाठीच.

या दहा हजारांत एक या प्रमाणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लग्ने जात वा नाते न पाहता होतात असे धरले, तर गणित असे सांगते की दोन्ही प्रती निकामी असलेला मनुष्य दहा हजारांत एक असेल, त्या ठिकाणी एक प्रत निकामी असलेली माणसे पन्नासांत एक असतात. याचा अर्थ, एका उघड उदाहरणामागे जवळजवळ दोनशे झाकलेली असतात. यांना ‘वाहक’ असे म्हणतात. वाहक हा रोगी नसतो. त्याला कोणतेही औषध नको असते. तो केवळ एक निरोप घेऊन चाललेला असतो, आणि तो निरोप आपल्यापाशी आहे हे त्याला ठाऊक नसते.

ज्या रोगाच्या बाबतीत हे ज्ञान आपल्या प्रदेशात सर्वांत अधिक निकडीचे आहे, तो रोग म्हणजे सिकलसेल. यात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला म्हणजे विळ्यासारखा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उत्पन्न करतात. रक्तक्षय, वारंवार जडणारे संसर्ग आणि प्लीहेचा बिघाड ही त्याची इतर अंगे. हिमोग्लोबिन या द्रव्याच्या लांबलचक साखळीत सहाव्या जागेवरील एकच कडी बदललेली असते, आणि एवढ्याने हा सारा अनर्थ घडतो. भारतात या लक्षणाचा शोध १९५२ मध्ये निलगिरीच्या परिसरात लागला. १९५८ मध्ये आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील रुग्णांविषयी लिहिले. नंदुरबार आणि गडचिरोली, मेळघाट, झाबुआ आणि आलिराजपूर, गुजरातचा डांग हा सारा पट्टा या रोगाच्या परिचयाचा आहे. हा रोग अमुक एका समाजाचा असे मानणे मात्र चुकीचे आहे. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला, तेथे सिकलसेलचे वाहक हिवतापाच्या मृत्यूपासून काही अंशी वाचत गेले, म्हणून ते जनुक टिकले आणि वाढले. ॲलिसन या संशोधकाने १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखवून दिले. ज्याला आपण कलंक मानू पाहतो, ते एके काळी ढालीचे काम करीत होते.

आता हिशेब पाहा. पती आणि पत्नी दोघेही वाहक असले, तर वाटाण्याचाच नियम लागू पडतो. प्रत्येक अपत्याच्या वेळी रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्णपणे मुक्त असण्याचा चारांत एक. दोघांपैकी एकच वाहक असला, तर एकही मूल रोगी होत नाही. फक्त निम्म्यांच्या बाबतीत वाहक होण्याचा संभव असतो. एक जण स्वतः रोगी आणि दुसरा पूर्णपणे मुक्त असला, तर सारी मुले वाहक होतात, रोगी एकही नाही. आणि एक रोगी व एक वाहक असला, तर प्रत्येक वेळी रोगाचा संभव निम्मा असतो.

चारांत एक या शब्दांचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. कारण पुष्कळ घरांत घात होतो तो येथेच. पहिले मूल रोगी निघाले, आता चारांतला एक होऊन गेला, पुढची तीन निश्चितपणे चांगली होतील, असे आईबाप मनाशी धरून चालतात. निसर्ग असा जमाखर्च ठेवीत नाही. नाण्याला मागच्या खेपेची आठवण नसते. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणी नव्याने उडविली जातात, आणि संभव पुन्हा चारांत एक हाच असतो. दोघेही वाहक असून प्रत्येकास चार मुले झालेली अशी शंभर कुटुंबे घेतली, तर त्यांपैकी सुमारे ३२ कुटुंबांत एकही रोगी मूल नसेल, सुमारे ४२ कुटुंबांत नेमके एक असेल, आणि उरलेल्या २६ कुटुंबांत दोन किंवा अधिक असतील. ज्या ३२ कुटुंबांत रोग दिसला नाही, त्यांचे पुण्य अधिक नव्हते. आणि ज्या २६ कुटुंबांवर दुहेरी आघात झाला, त्यांचे काही पाप नव्हते. साऱ्यांची खाण एकच होती.

याच संदर्भात नात्यातील विवाहांचा विचार ओघानेच येतो. महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि तेलंगणात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. समजा, आजोबांजवळ एखाद्या जनुकाची एक प्रत निकामी आहे. ती त्यांच्या मुलात येण्याचा संभव निम्मा आणि मुलीत येण्याचाही निम्मा. त्या दोघांच्या प्रत्येक अपत्यात ती येण्याचा संभव चारांत एक. आतेभाऊ आणि मामेबहीण या दोघांतही ती एकाच वेळी असण्याचा संभव सोळांत एक, आणि त्यांच्या अपत्यात दोन्ही प्रती निकामी येण्याचा संभव चौसष्टांत एक. त्याच नातवाने नात्याबाहेर लग्न केले, आणि त्या समाजात पन्नासांत एक वाहक असला, तर हाच संभव आठशेंत एक इतका खाली येतो. मात्र समाजात पाचांत एक वाहक असला, तर नात्याबाहेर लग्न करूनही तो ऐंशींत एक राहतो. तेव्हा नाते टाळले म्हणजे भय टळले, असे सर्वत्र म्हणता येत नाही. सगोत्र विवाह टाळण्याची जी चाल आहे, तिने केवळ पित्याच्या वंशरेषेपुरते अंतर राखले जाते. जनुक आईकडूनही तितकेच येते, आणि त्याला गोत्र ठाऊक नसते.

म्हणून या प्रश्नाचा खरा उलगडा कुळाच्या चौकशीत नसून रक्ताच्या तपासणीत आहे. सिकलसेलसाठी प्रथम विद्राव्यतेची साधी चाचणी आणि नंतर हिमोग्लोबिनचे पृथक्करण, एवढ्याने मनुष्य वाहक आहे की रोगी हे निश्चितपणे कळते. थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तरोगाचा नियमही तोच, आणि त्याचा वाहकही रक्त तपासून ओळखता येतो. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केला. मुलगा वा मुलगी वाहक निघाली म्हणून तिला स्थळ नाकारणे हा मात्र या ज्ञानाचा विपर्यास होईल. वाहकाने वाहक नसलेल्याशी विवाह केला, तर त्यांची मुले या रोगापासून सुरक्षित असतात. दोन वाहकांचा विवाह झालाच असला, तर गर्भाची तपासणी लवकर करून घेण्याविषयी वैद्यांचा सल्ला घेता येतो. जन्मलेल्या रोगी मुलालाही आज हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाचा, लसींचा आणि नियमित देखरेखीचा मोठा आधार आहे.

मुलगा की मुलगी हा प्रश्नही याच गणिताचा भाग आहे. स्त्रीजवळ दोन्ही ‘एक्स’ गुणसूत्रे असतात, पुरुषाजवळ एक ‘एक्स’ आणि एक ‘वाय’. आई प्रत्येक अपत्याला ‘एक्स’च देते, तिच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नसते. पित्याकडून ‘एक्स’ आला तर मुलगी, ‘वाय’ आला तर मुलगा. १९०५ पासून ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे, आणि तरीही मुली होतात म्हणून सुनेला बोल लावणारी घरे अजून संपलेली नाहीत. यात पित्यालाही दोष देण्याचे कारण नाही, कारण कोणता शुक्राणू पुढे जावयाचा हे त्याच्या हाती नसते. लागोपाठ चार मुली होण्याचा संभव सोळांत एक असतो; पाचव्या वेळी तो पुन्हा निम्माच. मुलाच्या आशेने गर्भलिंग तपासून घेणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

‘एक्स’ गुणसूत्रावरील जनुकांची चाल थोडी वेगळी असते. तांबडा व हिरवा रंग ओळखता न येण्याचा दोष त्यांपैकीच आहे. पुरुषाजवळ ‘एक्स’ एकच असल्यामुळे तेथील निकामी प्रतीला जोडीदार नसतो, आणि दोष उघडा पडतो. रंगांध आजोबांची मुलगी वाहक होते, तिला स्वतःला रंग नीट दिसतात, आणि तिच्या मुलांपैकी निम्म्यांत आजोबांचा दोष उतरण्याचा संभव असतो. आजोबांचा गुण एक पिढी ओलांडून नातवात कसा येतो, या आरंभीच्या प्रश्नाचे हे एक ढळढळीत उत्तर आहे.

हे सारे ऐकल्यावर, मग मुलाची उंची, वर्ण, बुद्धी, स्वभाव हेही आधी सांगता येईल काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर नकारार्थी आहे. एका जनुकाने ठरणारे गुण थोडे. उंची आणि वर्ण यांसारखे गुण अनेक जनुकांच्या लहान लहान हिश्शांनी घडतात, आणि त्यांवर आहाराचा, आजारांचा व परिस्थितीचा परिणाम होतो. एकच ज्वारीचे बी काळ्या रानात आणि मुरमाड माळावर पेरले, तर कणीस सारखे भरत नाही, हे शेतकऱ्याला शिकविण्याची गरज नाही. गाल्टनने १८८६ मध्ये दाखवून दिले की फार उंच आईबापांची मुले सरासरीने उंच असतात, परंतु आईबापांइतकी नव्हे; ती लोकांच्या सर्वसाधारण उंचीकडे झुकतात. डोळ्यांचा रंगदेखील, जुन्या पुस्तकांत लिहिले जात असे तितक्या सरळ रीतीने, एकाच जनुकावर अवलंबून नसतो. बुद्धी आणि शील यांविषयी कुळावरून भविष्य सांगणे तर निव्वळ धाडसाचे आहे.

तात्पर्य, ‘खाण तशी माती’ ही म्हण अर्धी खरी आहे. प्रत्येक मुलाच्या खाणी दोन असतात, आणि प्रत्येक खाण आपल्या ठेव्यातील केवळ निम्मा भाग देते. तो निम्मा भाग कोणता हे दर वेळी नव्याने ठरते. त्यात कोणाची करणी नसते आणि कोणाचा अपराधही नसतो. आपल्या हाती असते ते एवढेच, की ठेव्यात काय आहे हे वेळीच पाहून घ्यावे. विवाह ठरविताना आपण घराणे पाहतो, शिक्षण पाहतो, पुष्कळ ठिकाणी पत्रिकाही पाहतो. त्यासोबत वधू आणि वर या दोघांच्याही रक्ताचा एक कागद पाहण्याची रीत पडली, तर कितीतरी पाळण्यांपाशी पुढे येणारे दुःख वाचेल.